पीस लिलीची पाने लुळी पडली? या चुका टाळा

पीस लिलीची सगळी पाने एकाच वेळी कुंडीच्या काठावरून खाली लोंबू लागली की बहुतेक घरांत पहिला हात पाण्याच्या भांड्याकडे जातो. झाड वाचण्याऐवजी मरण्याचे सर्वांत मोठे कारण हीच घाई आहे, असे माझे ठाम मत आहे. पाने लुळी पडणे एवढेच सांगते की पानांपर्यंत पाणी पोहोचत नाही. कुंडीत पाणी नाही म्हणून ते पोहोचत नाही, की पाणी भरपूर असूनही मुळांना ते घेता येत नाही, हे पानांकडे पाहून कळत नाही.

या झाडाला लाकडी खोड नसते. त्याचे देठ आणि पाने पेशींमध्ये भरलेल्या पाण्याच्या दाबावरच ताठ उभी राहतात, त्यामुळे दाब किंचित घटला तरी झाड मान टाकते. माती कोरडी पडली असेल तर दाब घटतो, हे उघडच आहे. पण माती सतत चिकचिकीत ओली राहिली, तर तिच्यातील हवेची जागा पाणी घेते, मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, ती निकामी होऊ लागतात आणि मग पिथियमसारख्या मूळकुजीच्या रोगकारकांना वाट मोकळी होते. अशा कुंडीत आणखी पाणी ओतणे म्हणजे गुदमरलेल्या मुळांना पुन्हा बुडवणे होय.

म्हणून पाणी घालण्यापूर्वी माती तपासावी, आणि ती वरवर तपासू नये. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेल्या मातीचा वरचा थर पंख्याखाली लवकर सुकतो, तर तळाशी ओल कित्येक दिवस टिकून असते. बांबूची किंवा झाडूची कोरडी काडी कडेने तळापर्यंत खुपसून काही मिनिटांनी बाहेर काढावी. तिला ओली माती चिकटून आली, तर दुखणे बहुधा पाण्याच्या कमतरतेचे नाही. कुंडी उचलून तिचे वजन पाहण्याची सवयही फार उपयोगी ठरते. कोरडी कुंडी आश्चर्य वाटावे इतकी हलकी लागते. कोरड्या मातीतले झाड भरपूर पाणी दिल्यावर साधारणतः काही तासांत सावरते; माती ओली असूनही दुसऱ्या दिवशी सकाळी पाने तशीच लोंबत असतील, तर मुळे पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्याकडे एक अडचण हमखास भेटते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. नर्सरीतून आणलेले झाड बहुतेक वेळा चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात लावलेले असते. आपण प्लॅस्टिकची पिशवी कापतो, तो गोळा जसाच्या तसा मोठ्या कुंडीत ठेवतो आणि भोवती हलके, भुसभुशीत मिश्रण भरतो. गोळा एकदा कडक वाळला की वरून घातलेले पाणी त्याच्या कडेने खाली निघून जाते. बाहेरची माती ओली दिसते, मुळे मात्र आत तहानलेली राहतात. उलट तोच गोळा पूर्ण भिजला तर लवकर सुकत नाही. अशा झाडाची कुंडी अर्धा तास पाणी भरलेल्या टबमध्ये ठेवून गोळा आतपर्यंत भिजू द्यावा, आणि झाड ताजेतवाने झाल्यावर पुढील कुंडीबदलाच्या वेळी बोटांनी हळुवारपणे जुनी माती सैल करून काढावी. मुळे न तोडता जेवढी निघेल तेवढीच काढणे पुरे.

झाडाची कुंडी ज्या शोभेच्या कुंडीत ठेवतो, तिच्यात साचलेले पाणी कोणाला दिसत नाही, आणि तेच तळची मुळे कुजवते. पाणी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ते ओतून टाकावे. लहान झाडासाठी एकदम मोठी कुंडी घेणेही चुकीचेच आहे, कारण मुळे नसलेल्या भागातील ओल कोणीच शोषत नाही.

पाण्याचे वेळापत्रक ठरवून त्याला चिकटून राहणे हीदेखील तितकीच घातक चूक आहे. विदर्भातील मे महिन्यात जे झाड रोज पाणी मागेल, तेच कोकणातील जुलैच्या दमट हवेत आठवडाभर काहीही न मागता उभे राहू शकते. माती वाफशावर आली, म्हणजे वरून बोटाच्या दोन पेरांइतकी माती कोरडी आणि आत किंचित ओल उरली, की पाणी द्यावे. वार पाहून देऊ नये. एसीच्या थेट झोतात किंवा पश्चिमेच्या खिडकीतील दुपारच्या उन्हात ठेवलेले झाड मुळे निरोगी असूनही लुळे पडते, तेव्हा त्याची जागा बदलणे एवढाच उपाय असतो.

मलूल झाडाला ‘ताकद यावी’ म्हणून खत घालू नये. खतातील क्षारांमुळे मुळांना पाणी ओढून घेणे आणखी कठीण होते.

मुळे पाहण्याची वेळ आलीच, तर झाड कुंडीतून काढून माती साध्या पाण्याने धुवावी. निरोगी मुळे पांढुरकी आणि टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी, बुळबुळीत असतात, त्यांना दुर्गंधी येते आणि चिमटीत ओढल्यास बाहेरचे साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. अशी सर्व मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. या झाडाच्या रसात खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असल्याने हातमोजे घालावेत आणि कापलेले भाग मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या आवाक्यात ठेवू नयेत. मुळे बरीच कमी झाली असतील, तर जुनी, पिवळी पानेही काढावीत, म्हणजे उरलेल्या मुळांवरचा भार हलका होतो. त्यानंतर मुळांना जेमतेम पुरेल अशा, तळाला भोके असलेल्या कुंडीत कोकोपीट, परलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) किंवा विटांचा बारीक चुरा आणि थोडे गांडूळखत यांच्या मोकळ्या मिश्रणात झाड लावून ते उजेडाच्या, पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवावे. बुरशीनाशक ओतल्याने कुजलेली मुळे परत येत नाहीत; कापणीला पर्याय म्हणून ते वापरू नये.

पुढील काही आठवडे पाने अधूनमधून झुकतील, तेव्हा प्रत्येक वेळी काडी खुपसून पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा. मधोमध नवे, गुंडाळलेले पान वर येऊ लागले की मुळे कामाला लागली असे समजावे. तोवर वेगळे खत देऊ नये. कुजलेल्या झाडाची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये आणि जुनी कुंडी साबणाने घासून, कडक उन्हात वाळवूनच पुन्हा घ्यावी.