गाडीच्या छताला घरीच रॅप लावताय? या चुका टाळा

पांढऱ्या गाडीला रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायचा व्हिनाइलचा पातळ थर, लावून केलेलं काळं चकचकीत छत हे सांगली-मिरजेत आता नवलाचं राहिलेलं नाही. बंपर किंवा आरशांपेक्षा छत सोपं, म्हणून घरच्या घरी करायला बरेच जण तेच निवडतात. हा समज अर्धाच खरा आहे. मधला भाग खरंच सोपा असतो, दोन माणसं आणि एक स्क्वीजी, म्हणजे रॅप दाबून बसवायची पट्टी, असली की बसतो. रॅप सुटतो तो कडेला: पुढच्या काचेच्या वर, दोन्ही बाजूंच्या खाचेत, अँटेनाच्या बुडाशी. आणि घरी काम करणाऱ्याचा सगळा जीव मात्र मधल्या फुग्यांत अडकलेला असतो.

रेडियमच्या दुकानातला रोल

पहिली चूक सामान घेतानाच होते. 'आईचा आशीर्वाद' कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे किंवा फ्लेक्सवाल्याकडे मिळणारा काळा व्हिनाइल बहुतेक वेळा कॅलेंडर्ड असतो, म्हणजे रोलरमधून दाबत, ओढत पातळ केलेला. सपाट पाटीवर तो उत्तम चालतो. छताच्या गोलाईवर आणि उन्हात मात्र तो आकसायला लागतो, आणि काही महिन्यांत कडेला गोंदाची चिकट रेघ उघडी पडते. तिथं धूळ बसली की काळ्या छताला करडी किनार. गाडीसाठी कास्ट रॅपच घ्या. तो पातळ थर ओतून वाळवलेला असतो, त्यामुळे त्याच्यात मुळातला ताण कमी. गोंदाच्या बाजूला हवा निघून जायला बारीक चर आहेत ना, हेही विचारून घ्या. छतावर ऊन थेट पडतं, म्हणून नामांकित कंपन्यासुद्धा आडव्या पृष्ठभागासाठी वॉरंटी कमी देतात. स्वस्त माल इथंच सगळ्यात लवकर उघडा पडतो.

रोलची रुंदी साधारण १.५२ मीटर, म्हणजे पाच फूट असते. हॅचबॅकचं छत त्यात एकसंध बसतं. टेप गोलाईवरून धरून मोजा आणि चारही बाजूंना चार-पाच इंच जास्त ठेवा. उरलेल्या तुकड्यांतून जोड देऊन भागवायचा मोह होतो. तो जोड लांबून दिसतो आणि पुढे तिथूनच उचलतो.

खालचा रंग

गाडी जुनी घेतली असेल तर छत आधी कुणी रंगवलंय का, ते बघा. कंपनीचा रंग रॅप काढताना सहसा जागेवर राहतो. गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगचा रंग रॅपबरोबर सोलून येऊ शकतो. नवा रंग मारला असेल तर किमान महिनाभर थांबा, नाहीतर रंगातून निघणारे वायू रॅपखाली फुगे करतात. क्लिअर कोटचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, पापुद्रे सुटलेले असतील तर रॅप ते झाकत नाही, उलट चकचकीत काळ्यावर ते जास्तच उठून दिसतात. गंज दिसला तर आधी तो काढा.

धूळ, राख आणि बोअरचं पाणी

हवामानाचा विचार केला तर आपल्याकडे थंडीतली सकाळ सगळ्यात चांगली. साधारण २० ते २५ अंशांत रॅप ना कडक राहतो, ना ढिला पडतो. अडचण अशी की तेव्हाच गाळप हंगाम जोरात असतो. कारखान्याजवळच्या वस्त्यांत गच्चीवरच्या वाळत्या कपड्यांवर जी काळी राख पडते, तीच रॅपखाली जाते, आणि चकचकीत काळ्याखाली प्रत्येक कण मुरमासारखा दिसतो. शटर असलेली जागा मिळवा, एखाद्या मित्राचं गोडाऊन असेल तर उत्तमच. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा, पंखा बंद ठेवा. सोसायटीचं दोन्हीकडून उघडं पार्किंग टाळाच. साताऱ्याकडे आषाढातल्या वाऱ्यात तर पाच फुटी रॅपचं शीड होतं, आणि गोंद गोंदालाच चिकटला की तुकडा बहुधा गेला.

धुवून झाल्यावर बोअरचं पाणी छतावर वाळू देऊ नका, त्याच्या क्षाराचे डाग राहतात. क्ले बार, म्हणजे चिकटून बसलेला मळ ओढून घेणारी मऊ वडी, फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणानं पुसा. थिनर नको, पेट्रोल नको, पॉलिश किंवा वॅक्स तर अजिबात नको. खाचेत आणि काचेच्या फटीत अडकलेलं पाणी तासन्‌तास झिरपत राहतं, म्हणून शक्य असेल तर धुणं आदल्या दिवशीच उरका.

काचांना फिल्म लावताना साबणाचं पाणी मारतात, तसं इथं करू नका. हवेसाठी ठेवलेल्या चरांत पाणी कोंडलं तर गोंद धरत नाही. रॅप कोरडाच लावायचा.

कडा: खरं काम इथं

अँटेना काढा. ती न काढता भोवतीनं कापलेला रॅप तिथूनच उचलतो. बाजूच्या खाचेतलं बीडिंगही, म्हणजे खाच झाकणारी पट्टी, काढा, पण स्क्रू ड्रायव्हरनं नव्हे. प्लास्टिकची पट्टी वापरा, क्लिपा लगेच तुटतात. सनरूफ किंवा न निघणारे रूफ रेल असतील तर माझं सरळ मत आहे, काम दुकानात द्या.

रॅप छतावर पसरून चुंबकांनी धरा, मध्यापासून बाहेर स्क्वीजी मारत जा, प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर अर्धा चढवून. खाचेशी आलात की हात थांबवा. घाईत रॅप खाचेवरून पलीकडे ताणला जातो आणि तळाला टेकतच नाही. वरून गुळगुळीत दिसतं, पण खाली पोकळी असते. दोन दिवसांत ऊन लागलं की तो उभा राहतो. त्यामुळे आधी रॅप सैल सोडून बोटानं खाचेच्या तळाशी बसवा, मगच पलीकडची बाजू दाबा. कोपऱ्यात चुण्या पडतात तेव्हा जोरानं खेचायचा मोह होतो. खेचू नका. उचला, गरम हवा मारणाऱ्या हीट गननं हलकं गरम करा, रॅप आपोआप सपाट होतो, मग दोन्ही दिशांना थोडं थोडं न्या.

कापताना कटर थेट रंगावर चालवलात तर क्लिअर कोटवर चरा पडतो, आणि पुढे तिथूनच गंज धरू शकतो. रॅप लावण्याआधी कडेला नाइफलेस टेप चिकटवा. तिच्यातला दोरा ओढला की रॅप रेषेत कापला जातो. पुढच्या काचेशी रॅप अगदी कडेवर कापू नका, चार-पाच मिलिमीटर आत दुमडा. कोल्हापूरहून पुण्याकडे हायवेनं जाताना वारा पहिल्यांदा तिथंच आदळतो. काच आणि रबर या दोन्हींवर रॅप टेकू देऊ नका. रबराला तो धरत नाही. मागे डिकी उघडून कड आत वळवा.

शेवटी राहतं ते पोस्ट-हीट, आणि घरी बहुतेक जण नेमकं तेच सोडतात. ताणलेल्या जागा आणि सगळ्या कडा हीट गननं साधारण ९० ते ११० अंशांपर्यंत न्यायच्या. नेमका आकडा रॅपच्या कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. त्या तापमानाला रॅप जुना आकार विसरतो. अंदाजानं नको, इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. केसांचा ड्रायर चुण्या सोडवायला चालेल, या कामाला पुरत नाही. काचेवर एका जागी हीट गन धरू नका, तडा जाऊ शकतो.

तरीही बिघडलं तर

बारीक फुगे सोडून द्या. थोडे दिवस उन्हात राहिले की बरेचसे बसतात. मोठा फुगा असेल तर सुईनं तिरकं टोचून हवा त्या भोकाकडे ढकला. ब्लेडनं चीर दिलीत तर ती वाढत जाते. कचऱ्याचा कण लावतानाच दिसला तर लगेच उचलून टेपच्या तुकड्यानं टिपून घ्या. दुसऱ्या दिवशी दिसला तर नांदू द्या. कड उचलली असेल तर नुसती दाबून उपयोग नाही. मागे उलटा, अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसा, वाळू द्या, ताण न देता बसवा आणि पुन्हा गरम करा. गोंदात धूळ शिरली असेल तर ती पट्टी नवीनच लावावी लागते.

पहिला आठवडा गाडी धुऊ नका. नंतरही वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाइप कडेपासून हातभर लांब धरायला सांगा. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या कापडानं भिजवून काढा.

फक्त छतापुरतं थांबायचं नसेल आणि पुढे अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा बेत असेल, तर आरसीवर रंगाची नोंद असते हे लक्षात ठेवा आणि आधी आरटीओत विचारा. रॅप काढायची वेळ आली की गरम करत, छताला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. वर्षानुवर्षं भाजून ठिसूळ झालेला रॅप नखाएवढ्या तुकड्यांनी निघतो, म्हणून तडे दिसू लागले की पुढच्या उन्हाळ्याची वाट बघू नका.