पहिली स्पोर्ट बाईक: मुंबईच्या रस्त्यावर झेपेल अशी गाडी कशी निवडावी

मुंबईत स्पोर्ट बाईक सहाव्या गिअरमध्ये कमी आणि पहिल्या-दुसऱ्यात जास्त चालते. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, जे. जे. फ्लायओव्हर, पुण्याचा एक्स्प्रेसवे, म्हणजे जिथे रस्ता जरा मोकळा मिळतो तिथे दुचाकीला बंदी. उरतो साकीनाक्याचा सिग्नल, एलबीएस रोडवरची रेटारेटी आणि रविवारी पहाटे जुन्या हायवेने खोपोली-लोणावळा. म्हणून टॉप स्पीड किती, हे सगळ्यात शेवटी विचारा. ताशी वीसच्या वेगात गाडी हातात राहते का, आडवी झाली तर भुर्दंड किती आणि पावसाळ्यात ती कशी टिकते, हे आधी.

पायरी 1: लायसन्स बघा

स्कूटरवर टेस्ट देऊन काढलेलं विनागिअरचं लायसन्स इथे चालत नाही, गिअरच्या मोटरसायकलची नोंद लागते. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते आणि लर्निंगची मुदत 6 महिने असते. आतापर्यंत फक्त स्कूटर चालवली असेल तर हा मधला महिना एखाद्या साध्या 125 किंवा 150 सीसीच्या गाडीवर घालवा. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरणं आणि सिग्नलला थांबण्याआधी गिअर उतरवणं हातात बसलं पाहिजे. हे शिकायला महागडी फेअरिंग (बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण) असलेली गाडी वापरू नये.

पायरी 2: ताकद ठरवा

नवख्यासाठी 150 ते 250 सीसी, एक सिलिंडर, साधारण 25-26 पीएसपर्यंत (पीएस म्हणजे इंजिनच्या ताकदीचं माप). आमचं मत यात फारसं लवचीक नाही. यामाहा आर15 (155 सीसी, 18.4 पीएस), सुझुकी जिक्सर एसएफ 250 (26.5 पीएस), हिरो करिझ्मा एक्सएमआर (210 सीसी, 25.5 पीएस), बजाज पल्सर आरएस 200 (24.5 पीएस) आणि केटीएम आरसी 200 (25 पीएस) याच पट्ट्यात येतात. घाटात ट्रकला ओव्हरटेक करायला एवढी ताकद पुरते. हात चुकून जास्त पिळला गेला, तरी सावरायला वेळ मिळतो. टीव्हीएस अपाचे आरआर 310 किंवा कावासाकी निंजा 300 ज्याने दोनेक वर्षं गिअरची गाडी रोज चालवली आहे त्याने बघावी. 600 सीसीच्या वरचं काही पहिली गाडी म्हणून घेऊच नये. तिथे मनगटाच्या किंचित हालचालीत मागचं चाक सुटू शकतं.

पीएसचा आकडा मात्र एकटा वाचू नका, ती ताकद किती आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळते तेही बघा. आर15 ची पूर्ण ताकद 10,000 आरपीएमला येते आणि वरच्या आरपीएमला ताकद वाढवणारा तिचा व्हेरिएबल व्हॉल्व्ह 7,400 च्या आसपास बदलतो. अंधेरी-कुर्ला रोडवर तुम्ही 3,000 ते 5,000 मध्येच असता, तेव्हा तिथे गिअर सारखे खालीवर करावे लागतात. जिक्सर एसएफ 250 ला खालच्या आरपीएमला दम आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ती निमूटपणे चालत राहते आणि क्लचच्या हाताला आराम मिळतो. रोज ऑफिसला नेणार असाल तर हा फरक मोठा आहे.

आणखी एक रेघ 350 सीसीची. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी 18 टक्के आहे, त्याच्या वर 40 टक्के. थर्ड पार्टी विम्याचे गटही 75 ते 150, 150 ते 350 आणि 350 च्या वर असे पडतात. म्हणजे 155 सीसीची आर15 विम्याच्या हिशेबात 350 वाल्यांच्या रांगेत बसते. शोरूममध्ये हे कोणी आपणहून सांगत नाही.

पायरी 3: बसून बघा, पण नीट

कागदावर सीटची उंची असते: आर15 ची 815 मिमी, करिझ्मा आणि आरएस 200 ची 810, जिक्सर 250 ची 800, निंजा 300 ची 780. पण उंचीइतकीच सीटची पुढची रुंदीही महत्त्वाची. सीट टाकीपाशी निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातो, रुंद असेल तर दोनतीन सेंटीमीटर तिथेच खर्ची पडतात. त्यामुळे रोज जे बूट घालता ते घालून जा, गाडी स्टँडवरून काढा आणि दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी टेकतात का बघा. टाच उचललेली राहिली तरी चालेल. फक्त अंगठे टेकत असतील तर पेव्हर ब्लॉकवर, उतारावर, मागे कोणी बसलेलं असताना गाडी आडवी होणार. वेगात पडण्यापेक्षा नवख्यांच्या गाड्या उभ्या उभ्याच जास्त पडतात.

मग गाडी हाताने ढकला. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मधून मागे घ्यायची आहे असं समजून चार पावलं मागे, चार पुढे. इथे आर15 चे 142 किलो आणि आरएस 200 चे 165 च्या वरचे किलो यांतला फरक कळतो.

हँडल पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण डावीकडे वळवा. स्पोर्ट बाईकचं हँडल साध्या गाडीपेक्षा कमी वळतं, आणि काही गाड्यांत बोटं टाकी व क्लिप-ऑनच्या (दोन तुकड्यांतल्या हँडलच्या) मध्ये चेपतात. ग्लोव्ह्ज घालून करून पाहिलं तर लगेच समजतं. क्लिप-ऑन वरच्या प्लेटच्या वर बसवलेत की खाली, हेही बघा. खाली असतील तर अंगाचा भार मनगटांवर येतो आणि ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासात तळहात बधिर होतात. जिक्सर एसएफची बैठक त्यामानाने उभी, केटीएम आरसी 200 ची बरीच वाकलेली.

मागे बसणाऱ्यालाही सोबत न्या. स्प्लिट सीट उंच आणि लहान असते, धरायला कठडा बहुधा नसतो. घरातलं कोणी रोज मागे बसणार असेल तर त्या माणसाचा निर्णय तुमच्याइतकाच ग्राह्य धरा. मागच्यालाही मुंबईत हेल्मेट सक्तीचं आहे, ते खर्चात धरा.

पायरी 4: टेस्ट राइड ट्रॅफिकमध्ये घ्या

शोरूमवाले सहसा मागच्या गल्लीत एक फेरी मारू देतात. तेवढ्याने काही कळत नाही. संध्याकाळी सहा-सातला, गर्दीत, निदान पंधरा मिनिटं मागा. त्यात एवढं करा:

- पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून, ॲक्सिलरेटर न देता गाडी सरपटू द्या. ती आचके देते की सरळ जाते?
- मोकळी जागा बघून दोन्ही बाजूंना यू-टर्न घ्या. पाय टेकवावा लागला तर किती वेळा, ते लक्षात ठेवा.
- ताशी चाळीसवरून जोरात पण सरळ रेषेत ब्रेक लावा. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) चालू झालं की लिव्हरमध्ये धडधड जाणवते, ती ओळखीची झालेली बरी. घाबरून ब्रेक सोडायचा नसतो.
- सिग्नलला इंजिन चालू ठेवून थांबा. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा पायांवर येते. मे महिन्यात हीच हवा रोज झेलायची आहे.

एबीएसबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. 125 सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून ते बंधनकारक आहे, पण सिंगल चॅनलमध्ये ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मुंबईत पहिला पाऊस पडतो तेव्हा रस्त्यावर साचलेलं ऑईल वर येतं. त्यात मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटच्या पट्ट्यांमधले लांबच लांब सांधे. अशा जागी मागचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला की चाक लॉक होऊन गाडीची शेपटी बाजूला जाते. दोन्ही चाकांना असलेलं ड्युअल चॅनल घेतलेलं केव्हाही चांगलं. स्लिपर क्लचही याच कामाचा: घाईत दोन गिअर खाली टाकले तरी मागचं चाक उड्या मारत नाही.

पायरी 5: खरा खर्च काढा

ऑन-रोड किंमत ही सुरुवात. शोरूमच्या स्पेअर काउंटरवर जाऊन पाच भागांच्या किमती लिहून घ्या: एका बाजूची फेअरिंग, हेडलाइटचा पूर्ण सेट, पुढची डिस्क, क्लच प्लेटांचा सेट, चेन-स्प्रॉकेट (चेन आणि तिची दातेरी चाकं). सोबत विचारा की माल हजर असतो की ऑर्डर टाकावी लागते. गाडी जागेवर कोसळली तरी फेअरिंग अडकवायचे आतले कान तुटतात, आणि कान तुटले की बहुतेक वेळा अख्खा पॅनल बदलावा लागतो.

म्हणूनच विमा घेताना झिरो डेप्रिसिएशन घ्या. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापतात, आणि स्पोर्ट बाईक बाहेरून जवळजवळ सगळी प्लॅस्टिकचीच असते. दुसरं, इंजिन प्रोटेक्शन. अंधेरी किंवा मिलन सबवेत पाणी भरलेलं असताना गाडी घातली, एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी सेल मारून चालू करायला जाऊ नका. नुकसान तिथेच होतं. ढकलत बाहेर काढा आणि टेम्पोवर घालून गॅरेजला न्या.

हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज आणि घोटा झाकणारे बूट यांच्यासाठी गाडीच्या किमतीचा निदान दहावा भाग बाजूला काढा, आणि तो गाडीच्या आधी. फुल-फेस हेल्मेट, आयएसआय खूण असलेलं. बजेट असेल तर ईसीई 22.06 या युरोपी मानकाचंही बघावं. हनुवटीचा पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ओढा. डोक्यावरून निघालं तर एक साइज लहान घ्या. मुंबईच्या उकाड्यात जाड जॅकेट कपाटातच राहतं, म्हणून जाळीचं घ्या, खांदे-कोपरांना सीई दर्जाचे पॅड असलेलं.

हे सगळं धरून बजेट ओलांडत असेल तर एक पायरी खालची गाडी घ्या. हेल्मेटमध्ये काटकसर करू नका.

पायरी 6: जुनी गाडी घेत असाल तर

पहिल्या गाडीसाठी दोन-चार वर्षं वापरलेली गाडी हा शहाणपणाचा सौदा आहे, कारण ती एकदा तरी पडणारच. फक्त आधीच्या मालकाने किती पाडली, ते शोधून काढायचं. नवा रंग, चकचकीत स्टिकर यांकडे बघू नका. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा आणि हेडलाइटच्या मागे, चासीच्या मानेखाली टॉर्च मारा. तिथे हँडलला अडवणारा एक लहानसा धातूचा ठोकळा असतो. जोरात पडलेल्या गाडीत त्यावर खड्डा पडलेला असतो, रंग उडालेला असतो, कधी तो वाकलेला किंवा पुन्हा वेल्डिंग केलेला सापडतो. तसं दिसलं तर भाव करत बसू नका, निघा.

पुढे फूटरेस्टची टोकं, ब्रेक-क्लच लिव्हरची टोकं आणि सायलेन्सरची बाहेरची कड घासलेली आहे का बघा. पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळू फिरवा. मध्यभागी अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडल फिरवणारं बेअरिंग) गेला. फोर्कच्या (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या) चकाकत्या नळीवर तेलाचा ओला गोल दिसला तर ऑईल सील गळतंय. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटांनी मागे ओढा, अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचे पैसे किमतीतून वजा करा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2322 म्हणजे 2022 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं जुना टायर, नक्षी शिल्लक असली तरी, पावसात धरत नाही.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीट काढा. वायरिंगच्या क्लिपांत वाळलेला गाळ, बॅटरीच्या खाचेत गंज, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, ऑईलच्या काचेत दुधट रंग, यांतलं एकही दिसलं तर सोडून द्या. वर्सोवा-वरळीकडच्या समुद्रालगतच्या गाड्यांत बोल्टांवर थोडा गंज असतोच, तेवढ्याने बिथरू नका.

कागदांत गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा (आरसी) इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षरन् अक्षर जुळवा. बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. महाट्रॅफिक ॲपवर थकलेले ई-चलान तपासा. परराज्यातल्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. तो खर्चात धरला की स्वस्ताई संपते.

पायरी 7: गाडी ताब्यात घेताना

डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्या. टायरमधली हवा नवीन गाडीत बऱ्याचदा जास्त भरलेली असते, म्हणून आकडा चेनकव्हर किंवा मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या स्टिकरशी जुळवून घ्या. नवे टायर गुळगुळीत असतात, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार कलवू नका. पहिल्या हजार किलोमीटरला आरपीएमची जी मर्यादा मॅन्युअलमध्ये दिली आहे ती पाळा, पण एकाच वेगात सलग चालवू नका. पहिली सर्व्हिस किलोमीटर किंवा तारीख, जे आधी येईल त्याप्रमाणे; मुंबईत बहुधा तारीखच आधी येते, आणि ती चुकली तर वॉरंटीचा दावा अडतो. चेनला दर 500 किलोमीटरला ल्यूब द्या. पावसाळ्यात मात्र भिजून आल्यावर त्याच रात्री, चेन पुसून.