मेन स्विचमधला फ्यूज बदलताय? या चुका टाळा

विहिरीवरची, पिठाच्या गिरणीतली किंवा वेल्डिंगच्या शेडमधली लोखंडी पेटी उघडली की आत फार काही नसतं. वर दांड्याने चालणारा स्विच, खाली तीन किटकॅट (तार घालायचे, हाताने उपसता येणारे फ्यूज), बाजूला न्यूट्रलची पट्टी. दिसायला साधी, पण तिची मांडणी विचार करून केलेली असते. फ्यूज ही हाताने बदलायची वस्तू आहे, आणि जिथे हात जाणार तिथे त्या वेळी करंट नसावा म्हणूनच स्विच आणि फ्यूज एका पेटीत बसवले. त्यासाठी तीन गोष्टी केलेल्या असतात. सप्लाय आधी स्विचमध्ये येतो आणि मग फ्यूजमध्ये जातो. दांडा 'चालू'वर असताना झाकण उघडत नाही. आणि फ्यूजची तार चिनीमातीच्या किंवा बेकेलाइटच्या पकडीत असते, त्यामुळे काढताना बोटं तांब्याला लागत नाहीत. पेटीत होणाऱ्या बहुतेक चुका या तीनपैकी कशाचा तरी बट्ट्याबोळ करतात. मोटर मात्र तरीही चालू राहते, म्हणून चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

सप्लाय खालून जोडणे

सगळ्यात धोकादायक चूक हीच, आणि ती आळसातून होते. केबल जमिनीतून येते, पेटीच्या तळाच्या भोकातून आत शिरते आणि समोर खालची टर्मिनलं दिसतात. वायरमन तिथेच कसून मोकळा होतो, मोटरची वायर वर जोडतो. दांडा ओढला की मोटर बंद, ढकलला की चालू. सगळं ठीक दिसतं. पण आता करंट आधी फ्यूजमध्ये येतो आणि नंतर स्विचमध्ये. दांडा बंद करून, झाकण उघडून, निर्धास्तपणे किटकॅटला हात घालणाऱ्या माणसासमोर तिन्ही फेज जिवंतच असतात. किटकॅटला तडा गेलेला असेल किंवा तारेचं टोक बाहेर डोकावत असेल, तर पुढचं सांगायला नको.

तपासायची रीत सोपी आहे. दांडा बंद करा, झाकण उघडा आणि किटकॅटला हात न लावता प्रत्येक बेसच्या (किटकॅट ज्यात बसतं त्या पक्क्या भागाच्या) वरच्या व खालच्या टोकाला टेस्टर लावा. टेस्टर आधी नक्की जिवंत जागी लावून चालतोय ना ते बघा. फ्यूजच्या कुठल्याही टोकाला दिवा लागला, तर जोडणी उलटी आहे किंवा खालून दुसरीकडून करंट येतोय. उपाय एकच: पोलवरचा सप्लाय बंद करून घेऊन केबल बाजूने फिरवून 'लाइन' लिहिलेल्या टर्मिनलवर न्यायची. तीन फूट केबल जास्त लागते, बस्स.

जोडणी सरळ असली तरी स्विचची वरची टर्मिनलं कायम जिवंत राहतात, हे विसरू नका. त्यांच्यावर फायबरचा किंवा प्लास्टिकचा पडदा येतो. पहिल्याच दुरुस्तीत तो काढून बाजूला ठेवतात आणि पुढे तो पेटीच्या वर धूळ खात पडलेला सापडतो. तो परत लावा.

जनरेटर, इन्व्हर्टर किंवा सोलर आल्यापासून एक नवीन भानगड झाली आहे. चेंजओव्हर (एका वेळी एकच सप्लाय जोडणारा स्विच) नीट नसेल तर मेन बंद असतानाही फ्यूजच्या खालच्या टोकाला मागून करंट येतो. काही पेट्यांमध्ये फ्यूज स्विचच्या हलत्या भागावरच बसवलेले असतात. दांडा बंद केला की फ्यूज दोन्ही टोकांनी सुटा होतो. दोन बाजूंनी सप्लाय असलेल्या जागी नवी पेटी घेणार असाल, तर हीच रचना मागा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

झाकणाचा आकडा वाकवणे

दांडा चालू असताना झाकण अडवणारा लोखंडी आकडा गंजतो आणि अडकायला लागतो. मग कुणीतरी पक्कडीने तो वाकवतो नाहीतर कापून टाकतो. 'चालू असताना बघायला लागतं ना' हे त्याचं उत्तर. बघायला लागतं हे खरं, पण बघण्याबरोबर हातही जातो. चालू मोटरचं किटकॅट उपसलं की तिथे ठिणगी ओढली जाते आणि मोटर दोन फेजवर राहते. शॉर्ट असलेल्या लाइनवर किटकॅट दाबलं, तर वितळलेलं तांबं थेट तोंडावर येतं. लोडवर करंट तोडायचं काम स्विचच्या पात्यांचं आहे, किटकॅटचं कधीच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्टार्टरचं लाल बटण, मग मेनचा दांडा, मग झाकण. दांडा हळूहळू ओढू नका. नव्या पेट्यांमध्ये स्प्रिंग असते आणि ती पाती झटक्यात उघडते, तुमचा हात कितीही सावकाश असो. जुन्या पेट्यांत पाती तुमच्या हाताच्या वेगानेच हलतात. तिथे दबकत ओढलेला दांडा पात्यांची टोकं जाळतो.

'तार' म्हणून कुठलीही तार

फ्यूजची तार कथील चढवलेल्या तांब्याची असते आणि तिचे आकडे ठरलेले आहेत: ५ अँपिअरला ०.२० मिलिमीटर, १० ला ०.३५, १५ ला ०.५०, २० ला ०.६० आणि ३० ला ०.८५. आता आपल्याकडे काय होतं बघा. दुकान दूर असतं, पाण्याची पाळी निघून चाललेली असते, म्हणून जुन्या सात-वीसच्या (२० गेजच्या सात पदरांच्या) वायरीतला एक पदर सोलून काढतात. २० गेजचा पदर ०.९१ मिलिमीटरचा भरतो, म्हणजे ३० अँपिअरच्या तारेहूनही जाड. एक-अठराचा (१८ गेजच्या एकाच तारेचा) तुकडा तर १.२२ मिलिमीटरचा, ४५ अँपिअरच्या जवळपास. त्यात ही तार लिहिलेल्या अँपिअरला लगेच उडत नाही. साधारण दुप्पट करंट गेल्यावर वितळते. ४५ चा पदर ८०-९० अँपिअर मागेपर्यंत गप्प बसतो आणि तोवर पुढची अडीच चौरस मिलिमीटरची केबल भाजून निघते.

'दोन बारीक तारा पिळून घातल्या, हिशोब बरोबर होतो' हेही खरं नाही. पिळलेल्या तारा एकमेकींना तापवतात, करंट सारखा वाटला जात नाही, आणि नेमकी किती अँपिअरला उडेल ते कुणीच सांगू शकत नाही.

मोटरच्या बाबतीत आणखी एक गैरसमज आहे. पाच एचपीची थ्री-फेज मोटर पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते. मग १० अँपिअरची तार घालून मोटरला जपू म्हटलं, तर ती सुरू करतानाच उडते, कारण थेट चालू होणारी मोटर त्या काही क्षणांत सहा-सात पट करंट ओढते. फ्यूज आहे तो शॉर्टसर्किटसाठी आणि केबलसाठी. मोटरवर जादा लोड आला तर बघायचं काम स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं. रिलेचा डायल मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावा आणि फ्यूज स्टार्टरबरोबर आलेल्या तक्त्याप्रमाणे घाला. पाच एचपीच्या थेट स्टार्टरला तो बहुधा २०-२५ अँपिअरच्या आसपास असतो. रिलेला बगल देऊन फ्यूज बारीक करणं किंवा रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याला डायरेक्ट करणं, दोन्हींचा शेवट मोटर रिवाइंडिंगला नेण्यात होतो.

तार बसवतानाही हात जड नको. स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक वळसा घ्या म्हणजे आवळताना ती आत ओढली जाते. ताणून बसवू नका, किंचित सैल असू द्या. स्क्रूखाली तार चेपून अर्धी झाली, तर पुढच्या वेळी ती तिथेच तुटणार. आणि किटकॅट फुटलं म्हणून तार सरळ बेसच्या दोन टोकांना बांधून ठेवणं हा तर निव्वळ आगीला आमंत्रण धाडण्याचा प्रकार आहे.

न्यूट्रलला फ्यूज

नवीन पेटीत न्यूट्रलच्या जागी तांब्याची किंवा पितळेची पट्टी असते, फ्यूज नसतो. जुन्या दोन पोलच्या मेनमध्ये दोन्हीकडे किटकॅट दिसतात. त्यातलं न्यूट्रलचं आधी उडालं की घरात अंधार होतो, माणूस समजतो लाइट गेली, आणि होल्डरमध्ये फेज तसाच उभा असतो. थ्री-फेज चार वायरींच्या जोडणीत प्रकरण आणखी वाईट. न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टच्या वस्तू दोन फेजमध्ये मालिकेत अडकतात, एकीकडे दिवे मंद तर दुसरीकडे ४०० च्या दिशेने चढलेला व्होल्टेज. फ्रीज, टीव्ही, पंखे एका फटक्यात जातात. जुन्या पेटीत न्यूट्रलला किटकॅट असेल तर परवानाधारक वायरमनकडून तिथे पक्की लिंक टाकून घ्या.

तापणारी पेटी

पेटीवर हात ठेवला की एक कोपरा गरम लागतो, आतून जळकट वास येतो, किटकॅट काळं-तपकिरी पडलंय. फ्यूज सारखा उडतो म्हणून लोक लोडला दोष देतात. कित्येकदा लोड ठीक असतो आणि दोष पकडीचा असतो. एका ढिल्या जोडाचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाइतका झाला आणि त्यातून ३० अँपिअर गेले, तर त्या टिचभर जागेत नऊ वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नसारखी ती तासनतास तिथे तापत राहते. बेसच्या पितळी पात्यांची स्प्रिंग त्यात नरम पडते, पकड आणखी ढिली होते, उष्णता आणखी वाढते. मग जाड तार घातली की फ्यूज उडणं थांबतं आणि बेस जळायला लागतो.

पॉलिश पेपरने घासून चकचकीत करणं हा यावरचा आवडता उपाय. त्याने पात्यांवरचं कथील निघून जातं आणि पुढच्या पावसाळ्यात ती दुप्पट काळी पडतात. फडक्याने पुसा, स्क्रू आवळा, आणि पकड ढिली असेल तर बेससकट बदला. ॲल्युमिनियमची केबल पितळी टर्मिनलमध्ये नुसती दाबून ठेवू नका. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू आपोआप ढिला होतो. केबलच्या टोकाला योग्य लग (धातूची टोपी) दाबून क्रिंप करा. केबल भोकात बसत नाही म्हणून पदर कापून बारीक करणारे महाभागही भेटतात. त्यांच्या हातात कटर देऊ नये.

उघड्यावरच्या पेटीची न वापरलेली भोकं बुजवा. पाली आणि मुंग्या आत शिरतात, आणि दोन फेजमध्ये आडवी झालेली पाल कुठल्याही जाड्या तारेचा फ्यूज उडवून दाखवते. लोखंडी पेटीला अर्थिंगच्या दोन वेगवेगळ्या वायरी हव्यात. ओल्या पायाने दांडा धरणाऱ्याला एखाद्या दिवशी त्याच वाचवतात.

'टेस्टर लागतोय, म्हणजे फेज आहे'

मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही. टेस्टर लावला तर तिन्ही किटकॅटच्या खालच्या टोकांना दिवा लागतो. मग फ्यूज ठीक आहेत असं समजून स्टार्टर उघडतात आणि तास घालवतात. खरं म्हणजे एक फ्यूज गेलेला असतो. उरलेल्या दोन फेजचा करंट मोटरच्या वाइंडिंगमधून फिरून मेलेल्या टोकापर्यंत येतो आणि टेस्टरच्या निऑनला तेवढा पुरतो. चालू मोटरचा एक फेज गेला तर ती फिरत राहते, पण उरलेल्या दोन वायरींतून साधारण पावणेदोन पट करंट ओढते आणि वाइंडिंग जाळून घेते.

म्हणून स्टार्टर बंद ठेवून मीटरने फ्यूजच्या खालच्या बाजूला दोन-दोन फेजमध्ये व्होल्टेज मोजा. तिन्ही वेळा ४१५ च्या आसपास यायला हवा. दोन आकडे पडलेले दिसले, तर त्या दोन्हींत जो फेज सामाईक आहे त्याचा फ्यूज गेला. मग मेन बंद करून किटकॅट बाहेर काढा आणि मीटरची बीप ऐकून खात्री करा.

गेलेली तार फेकण्याआधी तिच्याकडे बघा. मधोमध वितळून टोकांना मणी आले असतील तर लोड जास्त होता किंवा तार बारीक होती. स्क्रूजवळ तुटली असेल तर स्क्रू ढिला. तार दिसतच नाही आणि किटकॅटच्या आत काळा फवारा व तांब्याचे कण उडालेत, तर शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत नवी तार घालू नका.

एचआरसी फ्यूज (वाळू भरलेला, बंद नळीचा) असेल तर तो फोडून आत तार भरायचा उद्योग करू नका, आणि बाहेरून तार गुंडाळायचाही नाही. आतली वाळू ठिणगी विझवते, म्हणूनच तो ८० किलोअँपिअरपर्यंतचं शॉर्टसर्किट तोडू शकतो. ट्रान्सफॉर्मर जवळ असेल तर किटकॅटऐवजी हाच घ्या. शॉर्टने एक उडाला असेल तर तिन्ही बदला, बाकीचे दोन आतून अर्धे भाजलेले असू शकतात. दुकानात जाताना नुसते अँपिअर सांगून भागत नाही. जुना फ्यूज सोबत न्या आणि त्यावरचा आकडा, लांबी, पात्यांचा प्रकार आणि 'जीजी' (शॉर्ट आणि जास्त लोड दोन्ही बघणारा) आहे की 'एएम' तेही जुळवा. 'एएम' फक्त शॉर्टसर्किट बघतो, जास्त लोड त्याला दिसत नाही. केबलसाठी तो घातला आणि पुढे ओव्हरलोड रिले नसेल, तर केबल राखायला कुणीच उरत नाही.