आधी वेज फोडा, मग साचे भरा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, लॅबला लागून मला तिसरं वर्ष सुरू होतं. एका सकाळी गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमधून फोन आला, "तुमची कव्हरं इन्सर्ट खायला लागलीत." इन्सर्ट म्हणजे मशीनच्या टूलचं कापणारं टोक. मी स्पेक्ट्रोचा, म्हणजे मेटलमध्ये काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट घेऊन ऐटीत गेले. कार्बन ३.३५ टक्के, सिलिकॉन २.०, मँगनीज ०.७, गंधक ०.०३, सगळं रेंजमध्ये. तिथल्या ऑपरेटरनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. तुटक्या इन्सर्टची ओंजळ टेबलावर ओतली आणि म्हणाला, "मॅडम, कागद मऊ हाय, कास्टिंग कडक हाय."

परत येऊन मी एक कव्हर घणानं फोडायला लावलं. मधला भाग नेहमीसारखा राखाडी, पण पाच मिलिमीटरच्या कडेला चांदीसारखी चकाकणारी पांढरी पट्टी. तिच्यावर फाइल चालेना, नुसती घसरायची. त्या पट्टीपायी मी जे शिकले, ते शिफ्टवर नव्यानं येणाऱ्या पोरापोरींना सांगत असते. तेच इथं लिहितेय. हे ग्रे आयर्न, म्हणजे राखाडी कास्ट आयर्न, ओतणाऱ्यांसाठी आहे. एसजीचं, म्हणजे गोळीदार ग्राफाइटच्या कास्ट आयर्नचं, गणित वेगळं.

कास्ट आयर्न गोठताना त्यातल्या कार्बनला दोन वाटा असतात. निवांत गोठलं तर कार्बन ग्राफाइटच्या पाकळ्या होऊन वेगळा होतो. घाईनं गोठलं, किंवा ग्राफाइटला धरून वाढायला बी मिळालं नाही, तर तोच कार्बन लोखंडाशी बांधला जातो आणि सिमेंटाइट तयार होतं, पांढरं, ठिसूळ, टूलचा जीव घेणारं. आम्ही त्याला 'चिल आली' म्हणतो. स्पेक्ट्रो कार्बन किती आहे एवढंच सांगतो. उलट स्पेक्ट्रोला द्यायचं कॉइन, म्हणजे नाण्यासारखा नमुना, आपण तांब्याच्या साच्यात मुद्दाम झटकन पांढरं गोठवतो, नाहीतर कार्बनचं रीडिंग धड येत नाही. म्हणजे ज्या तुकड्यावर रिपोर्ट निघतो, त्याच्यात सगळीकडे चिलच असते!

म्हणून वेज. पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतायचा. आमची वेज जाड बाजूला वीस मिलिमीटर रुंद, चाळीस उंच आणि शंभर लांब आहे. साचा कोअर सँडचा, म्हणजे बाइंडरनं घट्ट केलेल्या कोरड्या वाळूचा. हिरव्या, म्हणजे ओलसर, वाळूत ओतू नका, ओलाव्याप्रमाणे रीडिंग बदलतं. धार खाली, रुंद बाजू वर. चमचा आधी त्याच मेटलमध्ये बुडवून तापवून घ्या. गार चमच्यानं घेतलेलं मेटल वाटेतच गार होतं आणि वेज उगाच जास्त चिल दाखवते. ओतल्यावर लाली पूर्ण जाईपर्यंत हात लावायचा नाही. मग चिमट्यानं धरून पाण्यात, आणि कोरडी करून हातोड्यानं मधोमध फोडायची. लाल असताना पाण्यात टाकलीत तर वेज तडकते आणि पुन्हा ओतावी लागते. घाईत असलेला माणूस हे हमखास करतोच.

फुटलेला चेहरा उजेडात धरा. धारेकडून वर जाताना आधी शुभ्र पट्टा, त्यावर राखाडी-पांढरा ठिपकेदार पट्टा, मग सगळं राखाडी. शुभ्र पट्टा जिथं संपतो तिथली वेजची रुंदी पट्टीनं मोजा. ते तुमचं रीडिंग. ठिपकेदार भाग त्यात धरायचा नाही, पण वहीत त्याची नोंद हवी. तो फार लांब पसरला असेल तर मेटलची तब्येत बरी नाही असं समजा.

आता किती रीडिंग चालेल? हा आकडा मला कुणी विचारला की मी उलट विचारते, तुमच्या कास्टिंगची सगळ्यात पातळ कड किती? पुस्तकातला किंवा शेजारच्या फाउंड्रीतला आकडा तुमच्या कामाचा नाही. पंधरा दिवस प्रत्येक हीटची, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याची, वेज वहीत लिहा आणि त्याच हीटचं एक कास्टिंग पातळ कडेला फोडून बघा. कड कुठल्या रीडिंगला पांढरी पडायला लागते ते आपोआप दिसेल. त्याच्या थोडं अलीकडे रेघ मारा. त्या कव्हरांना आम्ही इनॉक्युलेशननंतर, म्हणजे ग्राफाइटला बी देणारं इनॉक्युलंट मेटलमध्ये टाकल्यावर, चार मिलिमीटरची रेघ मारली, आणि ती चुन्यानं भट्टीशेजारच्या खांबावर लिहून ठेवली.

वेज दोनदा ओतायची, एकदा भट्टीतल्या मेटलची आणि एकदा इनॉक्युलंट टाकल्यावर लाडलमधल्या, म्हणजे ओतायच्या बादलीतल्या, मेटलची. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या इनॉक्युलंटनं केलेलं काम. भट्टीची बारा आणि लाडलची चार आली तर उत्तम. भट्टीची बारा आणि लाडलची दहा आली तर इनॉक्युलंट पोत्यातच राहिलं, किंवा स्लॅगवर, म्हणजे मेटलवरच्या मळीवर, तरंगतंय, किंवा मेटल त्याला दाद देत नाही.

दाद न देण्याचं कारण आमच्या बाबतीत गंधक निघालं. मी त्या ०.०३ कडे बघून खूश होते. गंधक म्हणजे घाण, जितकं कमी तितकं चांगलं, असंच डोक्यात बसलेलं. एसजीसाठी ते खरंही आहे. पण ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइटला लागणारं बी मँगनीज सल्फाइडच्या बारीक कणांवर तयार होतं. गंधक ०.०५ च्या खाली गेलं की इनॉक्युलंट कितीही ओता, पाकळ्या धरतच नाहीत. आम्ही ०.०६ ते ०.१० मध्ये ठेवतो. क्युपोला (कोकवर चालणारी भट्टी) होता तेव्हा कोकमधून गंधक फुकट मिळायचं, कुणाला विचारच करावा लागला नाही. इंडक्शन भट्टी आली, चार्जमध्ये स्टील स्क्रॅप वाढलं, मेटल स्वच्छ झालं आणि दुखणं सुरू झालं. आता आयर्न सल्फाइड मोजून टाकतो. मँगनीजही त्याच्या जोडीनं लागतं, गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३ हे किमान. तेवढं नसेल तर मोकळं गंधक स्वतःच चिल वाढवतं.

दुसरं कारण म्हणजे मेटल भट्टीत ताटकळणं. साचे तयार नाहीत, क्रेन अडकलीय, चहा आलाय, आणि मेटल पंधराशेला अर्धा तास उकळतंय. स्पेक्ट्रोत फारसा फरक दिसणार नाही, पण ग्राफाइटची बीजं त्या तापमानाला विरघळून जातात. आमचे भट्टीवरचे मामा सीई (कार्बन इक्विव्हॅलंट, कार्बन-सिलिकॉनचा एकत्रित आकडा) मीटरवर विश्वास ठेवायचे नाहीत, मेटलच्या अंगावरची चमक बघूनच म्हणायचे, "ह्ये मेलंय." वेज फोडली की बहुतेक वेळा ते बरोबर असायचे. अशा मेटलमध्ये थोडं पिग आयर्न किंवा सिलिकॉन कार्बाइड टाकून ते जागं करता येतं. निव्वळ फेरोसिलिकॉन भट्टीत ढकलून सीई वाढवलीत तर वेज सुधारते, पण जाड भागात पाकळ्या मोठ्या होतात आणि ताकद जाते. एफजी २६० या ग्रेडला वेगळ्या ओतलेल्या तीस मिलिमीटरच्या टेस्ट बारमध्ये २६० मेगापास्कल द्यायचे असतात, ते मग निघत नाहीत. म्हणून वेजला अजिबात चिल न येणं हीसुद्धा आनंदाची गोष्ट नाही. तेव्हा थोडं स्टील स्क्रॅप टाकून कार्बन उतरवा.

इनॉक्युलंट टाकायची रीत सोपी आहे, तरी तिथंच सगळ्यात जास्त चुका होतात. तीनशे किलोची लाडल, ०.३ टक्के, म्हणजे नऊशे ग्रॅम. अंदाजे दोन मुठी नकोत, तराजू ठेवा. लाडल पाव भरली की पडणाऱ्या मेटलच्या धारेत टाकायला सुरुवात करा आणि पाऊण भरेपर्यंत संपवा. आधीच तळाला टाकून ठेवलंत तर ते चिकटून जळतं, शेवटी वरून टाकलंत तर स्लॅगमध्ये बसतं. पावसाळ्यात पोतं उघडं ठेवू नका. ओलसर इनॉक्युलंटनं कास्टिंगला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात आणि दोष वाळूवर जातो.

आणि घड्याळ. इनॉक्युलंटचा असर टाकल्या क्षणापासून उतरायला लागतो. आमचा नियम सात मिनिटांचा. सात मिनिटांत लाडल रिकामी झाली नाही तर उरलेलं मेटल भट्टीत परत. याच्यावरून मी सुपरवायझरशी जितकी भांडलेय तितकी नवऱ्याशीही भांडले नसेन. शेवटी एकाच लाडलच्या पहिल्या आणि शेवटच्या साच्यातली कव्हरं त्यांच्यासमोर फोडली. पहिल्याची कड राखाडी, अकराव्या मिनिटाला भरलेल्याची पांढरी. भांडण तिथं संपलं. फार पातळ कास्टिंग असेल तर साच्यात पडणाऱ्या धारेतच ०.१ टक्का बारीक इनॉक्युलंट सोडा, म्हणजे उतरायला वेळच मिळत नाही.

इथवर झाला तो पहिला नाका. पुण्याहून कोल्हापूरला येताना तासवडेचा टोलनाका लागतो, पुढं किणीचा, तसं ओतलेल्या मेटललाही खाली उतरताना दोन नाके लागतात. पहिला साधारण ११५० अंशांवर, मेटल गोठतं तिथं, ग्राफाइट की सिमेंटाइट हे ठरतं. दुसरा सव्वासातशेच्या आसपास. तेव्हा कास्टिंग घट्ट झालेलं असतं आणि साच्यात पडून असतं, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण ग्राफाइटच्या भोवतीचं लोखंड मऊ फेराइट होणार की मजबूत पर्लाइट, हे तिथं ठरतं. तो नाका सावकाश ओलांडला तर फेराइट वाढतं, झटकन ओलांडला तर बारीक पर्लाइट.

आमच्याकडे एका जाड ब्रॅकेटचा बीएचएन, म्हणजे ब्रिनेल हार्डनेस, एकाच दिवसात १८५ पासून २२५ पर्यंत हिंदकळायचा. केमिस्ट्री तीच, वेज तीच. आठवडाभर डोकं आपटल्यावर साच्यांवर ओतल्याची वेळ खडूनं लिहायला लावली. तेव्हा कळलं की जेवणाच्या सुट्टीआधी ओतलेले साचे दीड तास तसेच पडून राहायचे आणि सुट्टीनंतरचे, जागा हवी म्हणून, लालबुंद असतानाच नॉकआउट व्हायचे, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर निघायचं. लाल कास्टिंग उघड्यावर काढलं की दुसरा नाका ते हवेत ओलांडतं. हार्डनेस वाढतो, वर पातळ आणि जाड भाग वेगवेगळ्या वेगानं आकसून अंगात ताण राहतो, मग मशीनिंगनंतर जॉब वाकतो. तुमच्या प्रत्येक जॉबची नॉकआउटची वेळ ठरवा आणि ती मोल्डिंगवाल्यांच्या सोयीनं बदलू देऊ नका.

बीएचएनवरही डोळे झाकून विसंबू नका. हार्डनेस मोजायची गोळी जाड, सपाट भागावर मारली जाते. कडेच्या एक मिलिमीटर चिलचा तिला पत्ताच लागत नाही. त्या कव्हरांचा बीएचएन २०७ होता, एफजी २६० ला अगदी शोभणारा. कडेवर फाइल मारून बघणं हे बिनपैशाचं, आणि जास्त खरं.

वेज आणि कास्टिंगचं पटत नसेल तर मायक्रोस्कोप. तुकडा पातळ कडेचाच कापा आणि कापताना पाणी भरपूर सोडा. एमरी पेपर २२० पासून १००० पर्यंत, दर पेपरला तुकडा नव्वद अंशांत फिरवून आधीचे चरे पूर्ण घालवा. शेवटी कापडावर डायमंड पेस्ट, थोडाच वेळ. जास्त घासलंत तर ग्राफाइट उपटून निघतं आणि पाकळ्या आहेत त्याहून जाड दिसतात. आधी अॅसिड न लावता शंभरपट मोठं करून बघा. विखुरलेल्या, वळणदार, सारख्या पाकळ्या म्हणजे ए टाइप, हव्या त्या. जाळीसारखं बारीक चुरा झालेलं ग्राफाइट म्हणजे डी टाइप. चिल थोडक्यात हुकली, मेटल जास्त गार होऊन मग गोठलं. डी टाइपभोवती फेराइट धरतं, त्यामुळे तो भाग लवकर झिजतो.

मग नायटल, दोन टक्क्यांचं. ९८ मिलिलिटर इथाइल अल्कोहोलमध्ये दोन मिलिलिटर नायट्रिक अॅसिड हळूहळू सोडा, उलट कधीच करू नका. जास्त कडक करून बाटलीत बंद करून ठेवू नका, ते फुटू शकतं. पाच-सात सेकंद बुडवलं की पुरे. पाचशेपट बघितल्यावर पर्लाइट बोटांच्या ठशांसारख्या रेघांचं दिसतं. गोंधळ होतो तो पांढऱ्या भागांचा, कारण फेराइटही पांढरं आणि सिमेंटाइटही. फेराइट ग्राफाइटला चिकटून, मऊ गोलाईचं असतं. सिमेंटाइट ग्राफाइटपासून लांब, टोकदार कडांचं. तिसरा एक पांढरा असतो, आत ठिपके असलेला, कोपऱ्यात तीन बाजूंनी आत दबलेला. तो फॉस्फरसचा, त्याला चिल समजून मेल्टरला शिव्या घालू नका. मी घातल्या होत्या.

चिल आलेली कव्हरं शेवटी आम्ही गिऱ्हाइकाला विचारून अॅनीलिंगला पाठवली. ९२५ अंशांवर दोन तास, मग भट्टीतच गार. सिमेंटाइट मोडलं, इन्सर्ट वाचले. पण त्या सावकाश गार होण्यात पर्लाइटही गेलं आणि बीएचएन दीडशेच्या घरात आला. कव्हरच होतं म्हणून चाललं. ब्रॅकेट असतं तर भंगारातच टाकावं लागलं असतं, आणि वर अॅनीलिंगचं बिलही आम्हीच भरलं असतं.