पाइनची फळी घेताना आधी तिचं टोक बघा

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पाइनची फळी मागितली की रंधा मारलेली गुळगुळीत बाजू पुढे येते. तिच्यावर भाळू नका, कापलेलं टोक बघा. एकाच खोडातलं लाकूड सगळीकडे सारखं नसतं, आणि फळी खोडाच्या कुठल्या भागातली आहे हे टोकावरून कळतं.

पहिल्यांदा गाभा शोधा. वलयांच्या ऐन मध्यावर एक मऊ, तपकिरी ठिपका असतो, तोच. त्याच्याभोवतीची पहिली दहा-वीस वलयं हे कोवळं लाकूड: तंतू आखूड, वजन कमी. पक्कं लाकूड वाळताना लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आखडतं, कोवळं त्याच्या कितीतरी पट. म्हणून एक कड गाभ्याची आणि दुसरी सालीकडची असली, की फळी वाळता वाळता धनुष्यासारखी वाकते. न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन साधारण २५ ते ३० वर्षांत तोडतात, त्यामुळे त्यात कोवळं लाकूड भरपूर निघतं. अशी फळी खोक्याला चालेल, पुस्तकांच्या शेल्फला नको.

मग वलयं नीट बघा. फिकट पट्टा वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीचा, गडद पट्टा शेवटाचा. गडद पट्टे ठसठशीत आणि जाड असले तर लाकूड वजनदार आणि बळकट. सारख्या मापाच्या दोन वाळलेल्या फळ्या हातात तोलून बघितल्या तरी फरक जाणवतो.

वलयं एकाच बाजूला फुगलेली, रंग लालसर आणि फिकट-गडद हा भेदच पुसट असेल, तर ते तिरप्या वाढलेल्या खोडाच्या खालच्या अंगाचं लाकूड. हाताला टणक लागतं, पण लांबीत बेसुमार आखडतं आणि वजन पडलं की अचानक तुटतं. स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

गाठीभोवती काळी कडा दिसली तर ती मेलेल्या फांदीची. कधीतरी गळून भोक पडणार. आजूबाजूच्या लाकडात एकजीव झालेली गाठ चालते. बिनगाठीच्या फळ्या बहुतेक बुंध्याच्या बाहेरच्या भागातून निघतात, म्हणून महाग.

टेबलाच्या रुंद पाटाला टोकावर वलयं उभी दिसणारी फळी घ्या. वलयांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा वलयांच्या दिशेने लाकूड जवळजवळ दुप्पट आखडतं, म्हणून आडव्या वलयांची फळी पुण्याच्या पावसाळ्यात फुगते आणि एप्रिलमध्ये सांध्यात फट दाखवते. काम सुरू करण्याआधी फळ्या मध्ये पट्ट्या देऊन काही दिवस घरातच रचून ठेवा.