दरोड्याला पाच जण लागतात: चोरीच्या बातमीतल्या या चुका टाळा

परवा पुन्हा तेच. नव्या मुलाची कॉपी आली: ‘मंदिरावर दरोडा, दानपेटी लंपास’. खाली वाचलं तर एकच माणूस, कुलूप तोडून आत गेलेला, सीसीटीव्हीतही एकटाच. बावीस वर्षं डेस्कवर बसतोय. माझा लाल पेन सगळ्यात जास्त झिजला असेल तो ‘दरोडा’ या शब्दावर.

दरोडा म्हणजे मोठी चोरी नव्हे. त्यासाठी डोकी मोजावी लागतात. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली किंवा तसा प्रयत्न केला, तर दरोडा. जुन्या दंड संहितेत कलम ३९१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१० झालं. आकडा पाचचाच राहिला. चौघांनी चाकू दाखवून पेट्रोल पंप लुटला तर ती जबरी चोरी, कलम ३०९. धाक नाही, मारहाण नाही, गुपचूप उचललं, तर साधी चोरी, ३०३. कडी-कोयंडा उचकटून घरात शिरले तर घरफोडी. त्यात कोटीचा माल गेला म्हणून तिचा दरोडा होत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, तोंडावर आपटून शिकलो. तालुका आवृत्ती बघत होतो तेव्हाची गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा, पान सोडायची घाई आणि बातमीदाराचा फोन: ‘‘सराफाच्या पेढीवर दरोडा पडलाय.’’ मी मथळा ठोकला: ‘सराफ पेढीवर दरोडा, लाखोंचा ऐवज लुटला’. लाखो कुठून आणले? सराफ आहे म्हणजे लाखो असणारच, एवढ्यावर. प्रत्यक्षात दोघांनी मागचं शटर उचकटलं होतं. तिजोरी काही त्यांच्याने उघडली नाही, म्हणून काउंटरमधले पैंजण आणि जोडवी पिशवीत भरून गेले. सकाळी नऊला दुकानासमोर ही रांग! कोणाचं मंगळसूत्र गाठवायला दिलेलं, कोणाच्या पाटल्या मोडून नव्या करायला टाकलेल्या. दुपारी सराफ कार्यालयात आले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, ‘‘साहेब, भिशीचे पैसेही परत मागतायत लोक.’’ पोलीस निरीक्षकांचा फोन वेगळाच: ‘‘दरोडा कुठं झाला, आम्हालाही कळवा की.’’ तिसऱ्या दिवशी चौथ्या पानावर दोन ओळींचा खुलासा छापला. तो सराफांशिवाय कोणी वाचला असेल असं वाटत नाही.

तेव्हापासून चोरीच्या बातमीत मी क्रियापदाची जागा आधी कोरी ठेवतो आणि बातमीदाराला विचारतो: किती जण होते? आत कोणी होतं का? कोणाला धाक दाखवला, अंगावर हात टाकला? उत्तरं मिळाली की शब्द आपोआप सापडतो. पोरं वैतागतात. ‘‘सर, बाकीच्यांचं कधीच वेबसाइटवर पडलं.’’ पडू दे. ‘दरोडा’ला क्लिक जास्त मिळतात हे मलाही दिसतं, पण रांग लागते ती दुसऱ्याच्या दुकानासमोर.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. वस्तू चोरतात, लुटतात ते माणसाला नाहीतर ठिकाणाला. ‘बँक चोरली’ म्हणजे काय, इमारत उचलून नेली? जमीनही चोरता येत नाही. कायद्यातसुद्धा चोरी होते ती जंगम मालमत्तेची. जमीन बळकावतात, हडपतात, अनुदान लाटतात. सचिवाने ताब्यातले पैसे खाल्ले तर तो अपहार. ओटीपी सांगून बसलेल्या माणसाचे पैसे गेले तर ‘ऑनलाइन दरोडा’ नव्हे, त्याला गंडा घातला. दुचाकीवरून येऊन गळ्यातली साखळी ओढली तर हिसकावली. नव्या संहितेत त्याला स्वतंत्र कलमच आहे, ३०४. आणि ते ‘अज्ञात चोरट्यांनी’! अज्ञात आहेत ना, मग एकापेक्षा जास्त होते हे कोणी मोजलं?

‘लुटणे’बद्दल मात्र थांबून बोलायला हवं. गेल्या संक्रांतीला ‘सुवासिनींनी वाण लुटलं’ ही साधी ओळ एका उपसंपादकाने सुधारून ‘वाण लुटून नेलं’ अशी केली आणि वर मलाच विचारतोय, मंडळाने पोलिसांत तक्रार दिली का म्हणून. अरे, वाण लुटणारी बाई घेत नाही, देते. दहाजणींना घरी बोलावून हळदीकुंकू लावते आणि हातावर गाळणी नाहीतर डबी ठेवते. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडतात, ते पोरं लुटतात. तिथे घेणं आहे, पण कुणाचं काही जात नाही. दसऱ्याला सोनं लुटायचं आणि लगेच वाटूनही टाकायचं. कोल्हापूरच्या दसरा चौकात त्या पानांसाठी काय झुंबड उडते ते एकदा बघून या. शब्दकोशातला पहिला अर्थ वाचून कोश मिटणाऱ्यांना संक्रांतीच्या बातम्या देऊच नयेत, असं माझं मत आहे.

आता एक चूक, जिच्यावर मला हसू येत नाही. ‘भामट्याने वृद्धेचे दागिने पळवले’ असं सगळेच लिहितात, मीही कित्येक वर्षं लिहिलं. पण भामटा हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतलं एका समाजाचं नाव आहे. ‘उचल्या’चंही तसंच, शिवी म्हणून वापरतो, पण ती माणसांची ओळख आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अशा कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. देशभरातून तो कायदा १९५२ साली गेला, आपल्या मथळ्यांतून अजून गेलेला नाही. संशयिताची जमात फिर्यादीत लिहिलेली असली तरी मी ती बातमीत येऊ देत नाही, आणि ‘भामटा’ दिसला की कापून ‘चोर’ करतो. दोनच अक्षरं, एका कॉलमच्या मथळ्यातही बसतात.