डीव्हीडीवर थेट छपाई करताय? या चुका टाळा

लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हवर द्यायची पद्धत आता रुळली असली, तरी अल्बमसोबत छापील डीव्हीडी मागणारी घरं अजून आहेत. एप्सन एल८०५ किंवा एल८०५० यांसारखा डिस्कचा ट्रे असलेला इंकटँक प्रिंटर असेल, तर हे काम घरीच होतं. डिस्क वाया जाते ती बहुतेक वेळा प्रिंटरच्या दोषाने नाही, मोजपट्टी हातात न घेतल्याने.

साधी डिस्क वापरणे

इंकजेटची शाई पातळ असते, ती शोषून घेणारा थर डिस्कवर लागतो. पाकिटावर ‘इंकजेट प्रिंटेबल’ लिहिलेली, वरून पांढरी डिस्कच घ्या. चंदेरी डिस्कवर शाईचे थेंब नुसते बसून राहतात, बोट लागलं की सगळं पुसलं जातं आणि ट्रेही बरबटतो.

कागदी स्टिकरच्या वाटेला तर जाऊच नका. ५२एक्स वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते. स्टिकर जरासा तिरका बसला तरी ती थरथरते, आणि त्याची कड सुटली तर ड्राइव्हच अडकतो.

मापं अंदाजाने धरणे

सगळ्यात जास्त डिस्क इथे मरतात. डिस्कचा व्यास १२० मिमी, मधलं भोक १५ मिमी. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) १२० मिमी म्हणजे १४१७ पिक्सेल. तेव्हा गिंप या फोटो-डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये १४१७ बाय १४१७ची नवी फाइल घ्या आणि रिझोल्यूशन ३०० ठेवा.

छापता येणारा भाग मात्र सगळ्या डिस्कवर सारखा नसतो. काहींचा पांढरा थर भोकाजवळ, साधारण २२ मिमी व्यासापर्यंत येतो, तर काहींचा ४६ मिमीच्या आसपासच थांबतो. पट्टीने मोजा आणि त्या मापाची वर्तुळं वेगळ्या लेयरवर (डिझाइनवरच्या स्वतंत्र थरावर) काढून ठेवा. बाहेरची कड ११८ मिमीपर्यंत (१३९४ पिक्सेल) पुरे, त्यापुढची शाई ट्रेवर सांडते. छापण्याआधी तो लेयर बंद करायला विसरू नका, नाहीतर वर्तुळंही छापली जातील.

जोडप्याचा फोटो मधोमध ठेवला की भोक नेमकं दोघांच्या चेहऱ्यांमध्ये येतं. चेहरे वरच्या अर्ध्या भागात घ्या, नावं आणि तारीख खाली.

छापताना फोटोच्या प्रोग्रॅममधून ‘फिट टू पेज’ने छापू नका, सगळी मापं हलतात. डिझाइन पीएनजी किंवा जेपीजीमध्ये काढून एप्सनच्या प्रिंट सीडी किंवा फोटो प्लस या प्रोग्रॅममध्ये घ्या. आतला-बाहेरचा व्यास तिथे भरा आणि कागदाचा प्रकार सीडी/डीव्हीडी निवडा. छाप एका बाजूला सरकत असेल तर डिझाइन हलवू नका, प्रिंट पोझिशनमध्ये मिलिमीटरने दुरुस्त करा. राइट करताना, म्हणजे डिस्कवर व्हिडिओ भरताना, बिघडलेली एखादी प्रिंटेबल डिस्क चाचणीसाठी राखून ठेवावी.

मराठी अक्षरांची मोडतोड

नाव गोलाकार फिरवायचं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि ‘शुभविवाह’ची सुटी अक्षरं होतात. अंतर शून्यावर ठेवून फॉन्टचा आकार वाढवा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू करून प्रोग्रॅम पुन्हा उघडा. फाइल दुसऱ्या दुकानात छापायला द्यायची असेल तर मजकूर चित्रात बदलूनच द्या. तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही.

आधी छापून मग राइट करणे

क्रम उलटा हवा. आधी राइट करा, डिस्क नीट चालते का ते पाहा, मग छापा. छापताना खालच्या बाजूवर बोटांचे ठसे उमटले आणि त्यानंतर राइट करायला घेतलं, तर राइटिंग अर्ध्यात अडकू शकतं आणि छापलेली डिस्कही फुकट जाते.

चुकलेली छाप घासून काढायचा मोह आवरा, सीडीच्या बाबतीत तर नक्कीच. तिचा डेटा थर वरच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असल्यामुळे ती थोडी सहन करते, पण खरवडण्यापेक्षा दुसरी डिस्क घेणं स्वस्त.

छापल्यावर २४ तास उन्हापासून दूर, वेगवेगळ्या ठेवून वाळू द्या. लगेच एकमेकींवर रचल्या की वरच्या डिस्कच्या पाठीला रंग लागतो. पावसाळ्यात आणखी थोडं थांबा. वाळल्यावरही डाय शाईची (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) छाप ओल्या हाताने फिसकटते, म्हणून गिऱ्हाइकाला देताना डिस्क कडेने धरून कव्हरमध्ये घाला.